कड कापलेला नकाशा

हुमनाबादच्या बसस्टँडामागं, चष्म्याच्या दुकानावरच्या खोलीत रत्नपाल नकाशे करतो. लोक त्याला अजून सर्व्हेअर समजतात आणि बांधाची भांडणं घेऊन जिना चढतात. मग तो त्यांना चहा पाजतो आणि तहसील कचेरीची वाट दाखवतो. त्याचं काम वेगळं. पाण्याची पाइपलाइन कुठून गेलीय, विजेचे खांब कुठं आहेत, गावाची हद्द कुठं संपते, हे सगळं उपग्रहाशी बोलणाऱ्या काठीनं मोजायचं आणि कॉम्प्युटरवर उतरवायचं. बिदर आणि कलबुर्गी या दोन जिल्ह्यांत हे काम नीटपणे करणारी माणसं हाताच्या बोटांवर मोजावीत इतकीच, आणि त्यांत आपण पहिल्या बोटावर, असं रत्नपाल धरून चालायचा. तसं धरायला त्याला कुणी मनाई केली नव्हती.

त्याचे वडील माणिकराव याच कामात होते, पण दुसऱ्या टोकाला. सरकारी मोजणीत ते साखळी ओढायचे. उन्हातान्हात काट्याकुट्यांतून लोखंडी साखळी ओढायची, सांगितलं तिथं टोक धरून उभं राहायचं, आणि सर्व्हेअर कागदावर काय लिहितो ते लांबून बघायचं. त्यांच्या वेळचे सर्व्हेअर अमृतप्पा मनानं चांगले होते. साखळीवाल्याचा मुलगा हुशार आहे हे त्यांच्या ध्यानात आलं आणि त्यांनी त्याला नकाशा वाचायला शिकवला. रत्नपाल त्यांचं नाव आजही आदरानं घेतो. त्यांची एक सवयही त्यानं आदरानं उचलली. मोजणी झाली की अमृतप्पा आकृती सगळ्यांना दाखवत, पण आकडे कुणाच्या हाती देत नसत. आकडे दिले तर उद्या आपल्याला कोण विचारणार, असं ते हसत हसत म्हणायचे.

साखळी गेली, अमृतप्पा गेले, सवय मात्र राहिली. आता या धंद्यात तिला 'कड कापणं' म्हणतात. नकाशाच्या चारी कडांना बारीक आकडे असतात. ही जागा पृथ्वीच्या पाठीवर नेमकी कुठं आहे, ते त्या आकड्यांवरून कळतं. नकाशाची मूळ फाइल दिली तर ती दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर आपसूक आपल्या जागेवर जाऊन बसते. पण फाइल कुणी देत नाही. कडेचे आकडे कापायचे, मधोमध आपलं नाव तिरपं टाकायचं आणि नुसतं चित्र पाठवून द्यायचं. चित्र देखणं दिसतं, भिंतीवर लावता येतं, फक्त ते जमिनीवर कुठं ठेवायचं हे ते सांगत नाही. गिऱ्हाईक अडलं की मुकाट्यानं परत येतं. सगळेच असं करतात, आणि सगळेच यावरून एकमेकांना नावं ठेवतात.

रत्नपालकडं तर त्यासाठी कारणही होतं. फार पूर्वी त्यानं एका गावच्या नळयोजनेची फाइल भोळेपणानं जशीच्या तशी देऊन टाकली होती. थोड्याच दिवसांत ती दुसऱ्याच कुणाच्या नावानं, रंगीबेरंगी होऊन एका कचेरीच्या भिंतीवर लागली. रत्नपाल तिथं उभा राहून स्वतःचंच काम वाचत होता आणि शिपाई त्याला विचारत होता, तुमचं इथं काय काम आहे म्हणून. साखळीवाल्याच्या मुलाला तो प्रश्न जरा जास्तच लागला. त्या दिवसापासून त्याच्या हातून कड न कापता एकही नकाशा बाहेर गेला नाही.

त्याचं गाव दुबलगुंडीच्या पलीकडं, जरा आडवाटेला. गावातल्या बौद्ध वस्तीची स्मशानभूमी ओढ्याकाठच्या गायरानात होती. वस्तीत पुरायची रीत. पण सरकारच्या लेखी तिथं स्मशान कधी नव्हतंच. निजामाच्या काळातल्या उर्दू नकाशात नाही, आजच्या पहाणीच्या उताऱ्यातही नाही, दोन्हीकडं नुसतं गायरान. थडगी बांधण्याइतकी ऐपत कुणाची नव्हती. मातीचा उंचवटा करायचा, दोन पावसाळ्यांत तो बसून जायचा. कोण कुठं आहे हे तेवढं माणसांच्या डोक्यात, आणि ती माणसंही एकेक करून तिथंच येऊन झोपत होती.

माणिकराव गेले त्या दिवशी, पुण्यानुमोदनाला, रत्नपाल दरवर्षी गावी जायचा. त्या वर्षी तो मोजणीची काठी बरोबर घेऊन गेला. वंदना झाली, मेणबत्ती लावून झाली, आणि मग तो आईला, विमलबाईंना म्हणाला की तू नुसती चालत राहा आणि कोण कुठं आहे ते सांगत जा. विमलबाई पांढरं लुगडं सावरत पुढं, रत्नपाल काठी टेकवत मागं.

"हितं तुझे दादा. चिंचंकडं डोकं हाय त्यांचं," त्या माणिकरावांपाशी थांबून म्हणाल्या. "हितं तुझी आत्या. ह्ये बारकं कुणाचं हाय ते आता ध्यानात न्हाई. पर बारकं हाय, तेवढं लिव्ह."

"आन् हिकडं?"

"सिद्धव्वाची सून असंल. न्हाईतर सिद्धव्वाच. पुसाय लागलंय बाबा डोक्यातनं."

एका जागी त्या बराच वेळ थांबल्या, दोन पावलं मागं गेल्या, परत पुढं आल्या आणि शेवटी मानेनंच नाही म्हणाल्या. रत्नपालनं तिथंही काठी टेकवली आणि नावाच्या जागी 'माहीत नाही' असं लिहिलं.

"काठी टेकवून तुला काय दिसायलंय?" त्यांनी विचारलं.

"मला न्हाई दिसत. ही काठी वर आभाळाला इचारती, मी कुठं हाय म्हणून. आभाळ सांगतंय, ही लिहून ठेवती."

"मंग आता मी इसरले तरी चालतंय?"

"चालतंय. आता ह्ये हारवत न्हाई."

विमलबाई ओढ्याच्या काठावर टेकल्या आणि पदरानं तोंड पुसलं. इतकी वर्षं त्या मेलेल्या माणसांना डोक्यात सांभाळत होत्या. आता ते ओझं मुलानं उतरवून घेतलं म्हणून त्यांना हलकं वाटलं, आणि तसं त्या वस्तीभर सांगत फिरल्या.

तो नकाशा रत्नपालच्या आयुष्यातला सगळ्यात चांगला नकाशा होता. हिरवा तुकडा, त्यात प्रत्येकाची जागा, जागेला नाव, बाजूला चिंचेचं झाड आणि ओढ्याचं वळण. वस्तीतल्या माणसांनी तो मोबाइलवर बघितला आणि जो तो आपापल्या माणसावर बोट ठेवू लागला. वडिलांचं नाव पहिल्यांदाच एखाद्या नकाशावर आलं, हे रत्नपालच्या मनाला फार भिडलं. त्यानं ते बायकोलाही सांगितलं नाही.

पुढच्या हिवाळ्यात कडगंचीला, विद्यापीठाच्या आवारात, नकाशे करणाऱ्यांची कार्यशाळा भरली. तिथं संशोधन करणारी स्नेहल नावाची मुलगी समोर उभी राहून एकेक प्रश्न विचारत होती आणि हात मोजत होती. नकाशांची माहिती एकमेकांना देता यावी म्हणून नियम ठरलेले आहेत, हे कुणाकुणाला माहीत आहे? रत्नपालचा हात वर. एकाची फाइल दुसऱ्याकडं तशीच्या तशी उघडली पाहिजे, हे कुणाला पटतं? रत्नपालचा हात वर. तेवढ्यानं त्याचं समाधान होईना. तो उभा राहिला आणि बोलला. पाणीवाल्यांनी काय पुरलंय हे रस्तेवाल्यांना माहीत नसतं, म्हणून रस्ता खोदताना नळ फुटतो. इकडच्या राज्याचा नकाशा हद्दीपाशी येऊन थांबतो, तिकडच्याचा तिकडं थांबतो, आणि मधला ओढा कुणाचाच राहत नाही. आपण सगळ्यांनी आपल्याकडचं दुसऱ्याला दिलं पाहिजे. टाळ्या पडल्या. स्नेहलनं शेवटी विचारलं, "सर, मग तुम्ही सगळ्यांत शेवटी कुणाला फाइल दिली होती?" सगळे हसले, रत्नपालही हसला, आणि तेवढ्यात जेवणाची वेळ झाली.

परतताना तो शिवकुमारच्या गाडीत होता. शिवकुमार आळंदकडच्या लिंगायत घरातला, रत्नपालहून बराच लहान, कलबुर्गीत एका रस्त्याच्या कंपनीसाठी नकाशे करणारा. मराठी आणि कन्नड दोन्ही सारख्याच सफाईनं बोलायचा. गाडी चालवता चालवता तो म्हणाला, "अण्णा, तुमच्या गावाकडनं बायपास जायलाय. आमच्याकडं त्या गायरानात कायबी न्हाई, नुसतं मोकळं दिसायलंय. तुम्ही तिथल्या समशानाचा नकाशा केलाय म्हणं. तेवढी फाइल द्या की."

"पाठवतो की," रत्नपाल म्हणाला.

आणि तो पाठवणारही होता. ऑफिसात येऊन त्यानं फाइल उघडली, शिवकुमारचा पत्ता टाकला. मग त्याला ती कचेरीची भिंत आठवली आणि शिपायाचा प्रश्न आठवला. आईनं एकेक पाऊल टाकून दिलेलं हे काम उद्या त्या कंपनीच्या नावानं झळकणार, आणि आपण परत भिंतीसमोर उभे. त्यानं फाइल बंद केली. चित्र काढलं, चारी कडा कापल्या, मधोमध आपलं नाव टाकलं आणि ते व्हॉट्सॲपवर पाठवून दिलं.

दुसऱ्या दिवशी शिवकुमारचा फोन आला. "अण्णा, चित्र आलंय. फाइल?"

"चित्रावर भागतंय की रे. ओढ्याचं वळण हाय, चिंच हाय. चिंचंवर चिंच ठेवून बसव."

"बरं, बसवतो," शिवकुमार म्हणाला. वडीलधाऱ्या माणसाला परत परत काय मागायचं, असं त्याला वाटलं असणार. स्वतः तोही कडा कापतच होता.

मधल्या उन्हाळ्यात वावटळीनं स्मशानातली चिंच पडली होती. विमलबाईंनी ते फोनवर सांगितलंही होतं आणि रत्नपालनं दुसरं काम करता करता हुंकार भरला होता. शिवकुमारकडचं उपग्रहाचं छायाचित्र त्यानंतरचं. त्यात त्या ओढ्याकाठी एकच मोठी चिंच दिसत होती, थोडं खालच्या अंगाला, धोंडप्पाच्या शेताच्या बांधावरची. ओढाही तिथं तसाच वळलेला. शिवकुमारनं चिंचेवर चिंच ठेवली, चित्र थोडं ताणलं, थोडं फिरवलं, आणि ते बसलं. अशा रीतीनं वस्तीचं सगळं स्मशान धोंडप्पाच्या तुरीत जाऊन पडलं, आणि खऱ्या जागी उरलं मोकळं गायरान. रस्त्याला मोकळी जागाच हवी असते.

कंपनीनं रस्त्याचा आराखडा पंचायतीत लावला, कुणाला हरकत असेल तर कळवावी म्हणून. गावातून एकानं त्याचा फोटो रत्नपालला पाठवला. रत्नपालनं तो मोठा करून बघितला आणि सगळ्यात आधी आपलं नाव शोधलं. ते नव्हतं. शिवकुमारनं ते सफाईनं पुसलं होतं. हिरवा तुकडा मात्र जसाच्या तसा, आणि रस्ता त्याला वळसा घालून बाजूनं जाताना दिसत होता. रत्नपालला नावाचा राग आला. त्या रागात त्यानं तुकडा बघितला, रस्ता बघितला, पण तुकडा कुठं आहे ते बघितलं नाही. उभा जन्म नकाशात घालवलेला माणूस, आणि त्यानं हे बघू नये, याची चीड येते. पण माणूस आपल्या अपमानाकडं बघत असला की त्याला दुसरं काही दिसत नाही, हेही खरं.

नंतर विमलबाईंचा फोन आला. "आरं, तुझ्या दादांच्या उशाला धोंडा रोवलाय. चुन्यानं रंगवलेला. गडी मनायलेत, हितनं रस्ता जायलाय."

"न्हाई आई. नकाशात सुटलंय. मी स्वतः बघितलंय."

"पर धोंडा..."

"धोंडे कुठंबी रोवतेत आन् मग काढतेत. तू काळजी करू नगं."

वस्तीतली माणसं तोवर गायरानात जमली होती. काहीजण तिथंच बसून राहायचं म्हणत होते. विमलबाईंनी त्यांना समजावलं. माझ्या रत्नपालनं बघितलंय, त्यानंच मोजलंय, ते हारवत न्हाई, असं त्या म्हणाल्या. त्यांच्या शब्दावर माणसं उठून घरी गेली.

मशीन आली ती भल्या सकाळी. बाभळी उपटल्या, जमीन सपाट केली, त्यावर तांबडा मुरूम पसरला. वस्तीला कळून माणसं धावत गेली तोवर उंचवटे, खळगे, चिंचेचा बुंधा, काही म्हणजे काही उरलं नव्हतं. रत्नपाल दुपारी पोचला. साइटवरचा इंजिनिअर चांगला माणूस होता, त्यानं अदबीनं मोबाइल पुढं केला. "बघा सर, तुमची स्मशानभूमी आम्ही सोडलीय. धोंडप्पांच्या शेतात आहे ना ती? तिच्या कडेलाही आम्ही हात लावला नाही." रत्नपालनं बघितलं. धोंडप्पाच्या तुरीत त्याची आत्या होती, ते नाव नसलेलं बारकं होतं, आणि चिंचेकडं डोकं करून माणिकराव होते. तो मुरमावरच बसला, आणि आपण कुणावर बसलोय हे ध्यानात येताच परत उठला.

काम काही दिवस थांबलं. माणसं तहसीलला गेली, साहेब येऊन गेले. रस्ता आता हलत नाही, पण स्मशानासाठी दुसरी जागा देऊ, ती कागदावरही चढवू, असं ठरलं. वस्तीतल्या कुणी रत्नपालला बोल लावला नाही. एवढा शिकलेला आपला माणूस, त्याच्याकडून असं होईल हे कुणाच्या मनातच येईना. त्यांनी खापर कंपनीवर फोडलं, आणि रत्नपालनं ते फोडू दिलं.

शिवकुमार एकदा हुमनाबादला येऊन गेला. खुर्चीत बसला, चहा प्याला नाही. लिंगायतांतही पुरतातच. त्याचे आजोबा त्यांच्या शेतात बसलेल्या आसनात पुरलेले आहेत, आणि औत तिथून वळसा घालून जातं. तो खाली बघत म्हणाला, "अण्णा, मी फाइल मागितली होती."

"व्हय," रत्नपाल म्हणाला.

"मीबी एकदा येऊन जागा बघायला पायजे होतं."

त्यानंतर दोघांनी एकमेकांना फोन केला नाही.

आता रत्नपाल कड कापत नाही. त्या स्मशानाची फाइल त्यानं रस्त्याच्या कंपनीला पाठवली, पंचायतीला पाठवली, तहसीलला पाठवली, मागितली नाही त्यांनाही पाठवली. ती सगळीकडं बिनचूक उघडते, आपसूक जागेवर जाऊन बसते, आणि काळ्या रस्त्याच्या पट्ट्याखाली एका ओळीत नावं दिसतात. स्नेहलचा मध्यंतरी फोन आला होता. कार्यशाळेनंतर माहिती देण्याघेण्यात काही फरक पडला का, असं ती सगळ्यांना विचारत होती. हो, आता मी देतो, असं रत्नपालनं सांगितलं. तिला फार बरं वाटलं. सर, तुमच्यासारखे लोक वाढले पाहिजेत, असं ती म्हणाली, आणि त्यानं फोन ठेवून खोलीचं दार लावून घेतलं. त्या दिवशी त्याच्याकडून काही काम झालं नाही.

माणिकरावांचा दिवस परत आला. विमलबाईंनी घरात वंदना उरकली आणि मेणबत्ती हातात घेऊन दारात उभ्या राहिल्या. "मला त्यांच्यापाशी ने. मला आता जागा गावत न्हाई. चिंच न्हाई, वढा बुजवला, सगळं सारखंच दिसतंय. तुझ्या काठीला ठावं हाय मनलास."

रत्नपाल नको म्हणाला. मग त्यानं काठी घेतली.

बायपासवर वाहनांची वर्दळ होती. हैदराबादकडचे ट्रक, उसाचे ट्रॅक्टर. तो काठीच्या पडद्याकडं बघत चालत होता आणि विमलबाई मागून. पूर्वी त्या पुढं असायच्या. अंतराचे आकडे कमी कमी होत गेले आणि शून्यापाशी येऊन थांबले तेव्हा तो रस्त्याच्या मधोमध, पांढऱ्या पट्ट्यावर उभा होता. डोकं कुणीकडं, ते त्यानं हातानं दाखवलं. विमलबाईंनी चपला काढल्या. डांबर तापलेलं होतं, तरी काढल्या. मेणबत्ती लावायला गेल्या, पण जाणाऱ्या ट्रकच्या वाऱ्यानं काडी विझली. दुसरीही विझली. मग त्यांनी ती न पेटवताच हातात धरून ठेवली.

"ह्ये काठीला तवापासनं ठावं होतं?" त्यांनी विचारलं.

"व्हय."

"आन् तुला?"

"मलाबी."

विमलबाईंनी त्याच्याकडं बघितलं. आवाजात राग नव्हता. त्यांना खरोखरच कळत नव्हतं, म्हणून त्या विचारत होत्या.

"मंग त्या लोकांला सांगितलं कामून न्हाईस?"

कडगंचीला टाळ्या मिळाल्या होत्या, त्या भाषणातला एकही शब्द त्याला आठवेना. तो काठी धरून उभाच राहिला. मागून ट्रकचा हॉर्न वाजत होता, तो त्याला ऐकू येत नव्हता. विमलबाईंनी चपला आणि मेणबत्ती एका हातात घेतली, दुसऱ्या हातानं त्याचा दंड धरला आणि त्याला रस्त्याच्या कडेला आणलं.